इंजिन गेले, दुरुस्ती करावी की दुसरी गाडी घ्यावी?

कोल्हापूर : मोटारीचे इंजिन निकामी झाले, की वाहनधारकासमोर दोन आकडे उभे राहतात. एक गॅरेजमधून सांगितलेल्या खर्चाचा आणि दुसरा जुन्या गाडीच्या बाजारभावाचा. हे दोन्ही आकडे जवळ येऊ लागले, की ‘एवढे पैसे या गाडीत घालण्यापेक्षा दुसरीच घ्या’ असा सल्ला घरातून, शेजारून आणि कार्यालयातूनही मिळू लागतो. हा सल्ला कधी योग्य ठरतो. पण पुष्कळदा तो चुकीच्या तुलनेवर आधारलेला असतो.

दुरुस्तीचा खर्च आणि जुन्या गाडीची किंमत यांची तुलना करून हा प्रश्न सुटत नाही. दुरुस्त केलेली गाडी आणखी किती वर्षे चालेल व त्या प्रत्येक वर्षासाठी किती खर्च पडेल, आणि दुसरी गाडी घेतल्यास तेच वर्ष किती रुपयांना पडेल, ही खरी तुलना होय. कर्ज फिटलेली, दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी ज्यांच्याकडे आहे अशा मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी हा फरक मोठा असतो. एका बाजूला एकदाच करावा लागणारा खर्च, तर दुसऱ्या बाजूला चार-पाच वर्षांचे हप्ते. म्हणूनच घाईने निर्णय घेण्यापूर्वी निदान, हिशेब आणि कागदपत्रे या तीन गोष्टी क्रमाने तपासणे आवश्यक ठरते.

आधी निदान

‘इंजिन गेले’ या दोन शब्दांत अनेक वेगवेगळे बिघाड सामावलेले असतात. गाडी सुरू होत नाही, धूर येतो, ताकद उतरली आहे किंवा तापमानाचा काटा वर गेला आहे, यांपैकी कोणतेही एक लक्षण म्हणजे संपूर्ण इंजिन निकामी झाले असे नव्हे.

इंजिन फिरतच नसेल तर ते जाम झाले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. मात्र वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर अडकला तरी पट्ट्यामुळे इंजिन फिरत नाही. अशा वेळी तो बाहेरचा पट्टा उतरवून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने हाताने फिरवून पाहतात. तो फिरला तर इंजिन जाम झालेले नाही.

धुराचा रंगही बरेच सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. परंतु डिझेल गाडीत हे ऑइल टर्बोचार्जरमधूनही येऊ शकते. टर्बो बदलून भागत असेल तर इंजिन उघडण्याचे कारण राहत नाही. सतत येणारा पांढरा धूर आणि कमी होत जाणारे कूलंट हे हेड गॅस्केट गेल्याचे लक्षण असते. ऑइलची डिपस्टिक काढून पाहिल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे हे निश्चित. हेड वेळीच उतरवले, त्याला तडा नसला आणि ते फेस करून घेतले, तर पुष्कळदा खालच्या ब्लॉकला हात लावावा लागत नाही. हा खर्च संपूर्ण इंजिनाच्या कामाच्या तुलनेत बराच कमी असतो.

टायमिंग बेल्ट तुटणे हा आणखी एक प्रकार. अनेक इंजिनांमध्ये बेल्ट तुटताच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात व व्हॉल्व्ह वाकतात. त्यातही पिस्टन शाबूत असल्यास काम हेडपुरते मर्यादित राहते. याउलट ऑइल संपल्यामुळे बेअरिंग वितळले, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडले किंवा क्रँकशाफ्ट खराब झाली, तर तो बिघाड खऱ्या अर्थाने गंभीर समजावा.

म्हणून खर्चाचा आकडा मागण्यापूर्वी तीन गोष्टी करून घ्याव्यात. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून ते लिहून घ्यावे, ऑइलचा खालचा चेंबर उघडून धातूचा चुरा आहे का ते पाहावे आणि शक्य असल्यास बारीक कॅमेऱ्याने सिलिंडरच्या भिंती पाहून घ्याव्यात. या तपासणीचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत. मोठा बिघाड असल्यास दुसऱ्या गॅरेजचे मतही घेणे इष्ट.

पुराचे पाणी आणि घाटाचा चढ

कोल्हापूर परिसरात इंजिन निकामी होण्याची दोन कारणे विशेष लक्षात घ्यावी लागतात. पहिले कारण पुराचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, महामार्ग शिरोलीजवळ बंद ठेवावा लागला आणि अनेकांची वाहने पाण्यात उभी राहिली.

पाण्यातून गाडी नेताना हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर पिस्टनला ते दाबता येत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली किंवा पाण्यात उभी असलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यानेच बहुतेक वेळा हे नुकसान घडते. पाण्यात बुडालेली गाडी सुरू न करता टोचन करून गॅरेजमध्ये आणली, स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढले आणि सर्व ऑइल बदलले, तर इंजिन वाचण्याची शक्यता असते.

मात्र पाणी डॅशबोर्डपर्यंत चढले असेल तर प्रश्न केवळ इंजिनाचा राहत नाही. वायरिंग, संगणकीय नियंत्रण यंत्रणा आणि एअरबॅगची उपकरणे यांत पुढे अनेक महिने दोष निघत राहतात. अशा गाडीत नवे इंजिन बसविणे बहुधा नुकसानीचेच ठरते.

दुसरे कारण घाटांचे. गगनबावड्याकडून करूळ घाट, त्याचप्रमाणे फोंडा घाट किंवा आंबा घाट चढून येताना कूलंट कमी असलेल्या अथवा रेडिएटर तुंबलेल्या गाडीचा काटा झपाट्याने वर जातो. ‘माथा जवळच आहे’ म्हणून गाडी तशीच पुढे रेटली, की हेड वाकते आणि गॅस्केट जाते. काटा वर जाताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. अशा रीतीने गेलेले इंजिन पुन्हा बांधताना रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचीही तपासणी झाली नाही, तर नवे कामही त्याच कारणाने वाया जाते.

इंजिन दुरुस्तीचे तीन मार्ग

इंजिन खरोखरच निकामी झाले आहे असे ठरल्यावर त्याच गाडीत पुढे जाण्याचे तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग जुनेच इंजिन पुन्हा बांधून घेण्याचा. इंजिन उतरवून पूर्ण खोलले जाते. सिलिंडर किती झिजला आहे व गोलाई बिघडली आहे का, हे बोअर गेजने मोजले जाते. झीज असल्यास बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन व रिंगा बसवितात किंवा नवी स्लीव्ह टाकतात. क्रँकशाफ्ट ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग बसवितात. हेडला तडा आहे का हे दाब देऊन तपासतात, हेड फेस करतात आणि व्हॉल्व्ह व सीट नीट करून घेतात. ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंगचा संच, सर्व गॅस्केट व सील नवे घालावे लागतात. ऑइलचे मार्ग आणि ऑइल कूलर यांतील धातूचा चुरा पूर्ण निघाला नाही, तर नवी बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा खराब होतात. स्वस्तात केलेली पुनर्बांधणी बहुधा याच ठिकाणी फसते.

दुसरा मार्ग वापरलेले इंजिन आणून बसविण्याचा. अपघातात मोडलेल्या गाड्यांची इंजिने मुंबईतील कुर्ल्यासारख्या बाजारांतून मिळतात. काम लवकर होते, परंतु ते इंजिन किती किलोमीटर चालले आहे हे कळण्यास खात्रीचा मार्ग नसतो. इंजिन चालू करून व कॉम्प्रेशन मोजून दाखविल्याशिवाय ते घेऊ नये. इंजिनाचा प्रकार आणि प्रदूषणविषयक मानक गाडीच्या नोंदणीशी जुळले पाहिजे. चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जात असल्यामुळे उत्तर प्रदेशातील मेरठचा सोतीगंज बाजार २०२१ मध्ये पोलिसी कारवाईनंतर बंद पडला, हे उदाहरण विसरून चालणार नाही. जीएसटीचे बिल, इंजिन क्रमांक आणि ते ज्या गाडीतून काढले त्या गाडीची कागदपत्रे मिळत नसतील, तर किंमत कितीही कमी असली तरी असे इंजिन नाकारावे.

तिसरा मार्ग कंपनीकडून नवे इंजिन घेण्याचा. यात केवळ ब्लॉक, क्रँक व पिस्टन जोडलेला खालचा भाग घेता येतो किंवा हेडसह पूर्ण इंजिन घेता येते. हा मार्ग सर्वांत खात्रीचा आणि बहुधा सर्वांत महागही असतो. गाडी चार-पाच वर्षांची असेल किंवा वॉरंटीतून काही वाटा मिळणार असेल, तरच तो परवडतो. वाढीव वॉरंटी घेतलेली असल्यास गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये खोलण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्रात दाखविणे अत्यावश्यक आहे. एकदा इंजिन बाहेर खोलले, की दावा अडचणीत येतो.

कोल्हापूरची जमेची बाजू

यांपैकी पहिल्या मार्गाच्या बाबतीत कोल्हापूरचे वाहनधारक इतर अनेक शहरांतील लोकांपेक्षा सुदैवी आहेत. इंजिन ही या परिसराच्या उद्योगाची जुनी ओळख आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, ती शेजारच्या सांगली जिल्ह्यात. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे काम करता करता कोल्हापुरात ओतकाम व यंत्रकामाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीचा कारखाना आज कागलमध्ये आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत ट्रॅक्टर व व्यापारी वाहनांसाठी सिलिंडर ब्लॉक, हेड, पिस्टन आणि बेअरिंग तयार होतात.

या पार्श्वभूमीमुळे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि स्लीव्ह बसविण्याचे काम शहरातच होते व ते करणारे कुशल कारागीर येथे आहेत. जे काम करण्यासाठी अन्यत्र इंजिनाचे भाग दुसऱ्या शहरात पाठवावे लागतात, ते येथे मालकाला समक्ष उभे राहून पाहता येते. मापांचा कागद मागून घेता येतो. ही सोय हिशेबात धरली पाहिजे.

तथापि प्रत्येक इंजिन बांधण्यायोग्य नसते. काही आधुनिक इंजिनांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असून सिलिंडरची भिंत पातळ असते आणि त्यांच्यासाठी कंपनी मोठ्या मापाचे पिस्टन देतच नाही. अशा वेळी ब्लॉक बदलणे हाच पर्याय राहतो. याउलट जी इंजिने पुष्कळ गाड्यांत वापरली गेली, त्यांचे भाग सहज मिळतात. फियाटने विकसित केलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटबरोबरच मारुती आणि टाटांच्या अनेक गाड्यांत होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा मानके लागू झाल्यावर ते नव्या गाड्यांतून गेले. परंतु त्याची माहिती असलेले मेस्त्री आणि त्याचे भाग आजही सर्वत्र आढळतात. आपल्या गाडीचे इंजिन कोणत्या गटात मोडते, हे आधी विचारून घ्यावे.

गाडीचा सांगाडा पाहा

इंजिन नवे झाले म्हणजे गाडी नवी होत नाही. त्यामुळे इंजिनावर खर्च करण्यापूर्वी उरलेल्या गाडीची तपासणी करावी. गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा, चेसिसचे जोड आणि सस्पेन्शन बसविण्याच्या जागा पाहाव्यात. कोकणात किंवा किनाऱ्यावर अनेक वर्षे वापरलेल्या गाडीला येथे गंज लागलेला असतो. गिअरबॉक्स, क्लच, स्टिअरिंग, ब्रेक आणि वातानुकूलन यंत्रणा यांची स्थिती लिहून काढावी. क्लच जुना असेल तर इंजिन उतरवलेले असतानाच बदलावा, म्हणजे मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही.

इंधनाच्या जुन्या रबरी नळ्यांचेही तेच. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आहे. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉल हा परिचित विषय असला, तरी जुन्या गाड्यांतील रबरी भाग त्यासाठी तयार केलेले नव्हते. इंजिनाचे काम सुरू असताना ते बदलणे सोयीचे असते.

पत्रा गंजलेला, गिअरबॉक्स कुरकुरणारा आणि गाडी यापूर्वी मोठ्या अपघातातून गेलेली असेल, तर इंजिनावर एक रुपयाही घालू नये.

हिशेब असा मांडावा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. येथील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

बारा वर्षांची पेट्रोल गाडी चालू स्थितीत २ लाख रुपयांना गेली असती, असे समजू. इंजिन बंद असताना तिला ६० हजार मिळतात. इंजिन बांधणे, क्लच आणि टोचन मिळून १ लाख खर्च आहे. गाडी ठेवली तर मिळू शकणारे ६० हजार सोडावे लागतात, म्हणून दुरुस्तीची खरी गुंतवणूक १ लाख ६० हजार झाली. गाडी चार वर्षे चालली, दर वर्षी इतर दुरुस्तीला २५ हजार लागले आणि शेवटी ८० हजारांना विकली गेली, तर एकूण खर्च १ लाख ८० हजार, म्हणजे वर्षाला ४५ हजार पडतो.

आता दुसरी वापरलेली गाडी ४ लाखांना घेतली आणि नावावर करणे, विमा, सुरुवातीची दुरुस्ती यांवर ३० हजार गेले. चार वर्षांनी ती २ लाखांना गेली व दर वर्षी १५ हजारांची दुरुस्ती लागली, तर एकूण खर्च २ लाख ९० हजार, म्हणजे वर्षाला ७२ हजार ५०० होतो. कर्ज काढल्यास व्याज वेगळे.

येथे दुरुस्ती स्वस्त दिसते. परंतु बांधलेले इंजिन दोन वर्षांतच पुन्हा गेले आणि गाडी ६० हजारांना द्यावी लागली, तर तोच खर्च वर्षाला ७५ हजारांवर जातो. म्हणजे या उदाहरणात काम दोन वर्षांहून अधिक टिकले तर दुरुस्ती फायद्याची, त्याआधी बिघडले तर तोट्याची. संपूर्ण निर्णय कामाच्या दर्जावर टेकलेला आहे, हे यावरून दिसते. दहा हजार वाचविण्यासाठी ऑइल पंप जुनाच ठेवणे किती महाग पडू शकते, याचाही अंदाज येतो.

या हिशेबात गाडीचे वय निर्णायक असते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५ हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार करण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. चौदाव्या वर्षी इंजिन बांधणाऱ्याने हा खर्च आधीच जमेस धरावा.

आरटीओची नोंद

जुनाच ब्लॉक ठेवून इंजिन बांधले तर इंजिन क्रमांक तोच राहतो आणि नोंदणीत बदल करावा लागत नाही. हा पुनर्बांधणीचा मोठा फायदा आहे. ब्लॉक किंवा संपूर्ण इंजिन बदलले तर मात्र क्रमांक बदलतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील अशा बदलासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते आणि बदल नोंदणी प्रमाणपत्रात चढवून घ्यावा लागतो. मान्यतेशिवाय बदल झालाच असेल तर तो १४ दिवसांत कळविण्याची तरतूद आहे. कंपनीकडून क्रमांक न कोरलेला ब्लॉक आला, तर त्यावर स्वतः क्रमांक कोरून घेऊ नये. त्यासाठी आधी आरटीओकडे जावे.

उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात स्पष्ट केले. त्यामुळे जास्त ताकदीचे किंवा दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसविण्याचा मोह टाळावा. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन असावे. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळवावा. नोंदणीतील क्रमांक आणि गाडीतील क्रमांक जुळला नाही, तर गाडी विकताना, पासिंगच्या वेळी आणि अपघाताचा दावा करताना अडचण उभी राहते.

विम्यातून काय मिळते

नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही. पुरामुळे झालेले नुकसान येते. परंतु पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्यामुळे वाकलेला रॉड हे परिणामी नुकसान मानून दावा नाकारला जाऊ शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे पाहून ठेवावे.

दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल, तर गाडी पूर्णतः गेली असे धरून दावा मिटविला जातो. पाच वर्षांवरील गाडीचे हे मूल्य विमाधारक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचविण्यासाठी ते फार कमी लावले असेल, तर भरपाईही तेवढीच कमी मिळते. गाडी विकली तरी दावा न केल्याबद्दलची सवलत मालकाकडेच राहते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास ती पुढील गाडीच्या विम्यात वापरता येते.

दुसरी गाडी घेताना

हिशेब दुसऱ्या गाडीच्या बाजूने झुकला, तर तिच्या इंजिनाचीही तेवढीच कसून तपासणी झाली पाहिजे. ज्या पैशांत आपले इंजिन बांधून होते, त्याच पैशांत कोणीतरी विकायला काढलेले थकलेले इंजिन विकत घेण्यात अर्थ नाही. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, कॉम्प्रेशन मोजावे आणि सर्व्हिसची नोंद मागावी. पुरात बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून दूरच्या गावी विकल्या जातात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यास गढूळ पाण्याची रेषा दिसू शकते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि गालिच्याखालचा गाळ सहसा लपत नाही.

सीमेपलीकडच्या गाड्यांबाबत अधिक सावध राहावे. बेळगावची केए २२ किंवा चिक्कोडीची केए २३ क्रमांकाची गाडी स्वस्त दिसते. परंतु ती महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा अधिक ठेवायची असेल तर येथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. त्यासाठी तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. राज्यातील राज्यात व्यवहार असल्यास नमुना २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटले असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय संपूर्ण रक्कम देऊ नये. बंद पडलेली गाडी विकणाऱ्यालाही हेच लागू आहे. गाडी नावावरून उतरल्याची खात्री होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी जुन्याच मालकाकडे राहू शकते.

नव्या गाडीचा विचार असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या यात येतात. सुटे भागही १८ टक्क्यांवर आल्याने दुरुस्तीचा खर्चही काही प्रमाणात उतरला. नव्या गाडीवर राज्याचा एकरकमी कर वेगळा असतो, त्यामुळे दुकानातील किंमत आणि रस्त्यावरची किंमत यांतील फरक विचारून घ्यावा.

जुनी गाडी कोणीच घेत नसेल तर ती अनोळखी भंगारवाल्याला देण्याऐवजी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची मुभा केंद्राच्या नियमांत आहे; प्रत्यक्ष किती सवलत द्यायची ते राज्य ठरविते. शिवाय नोंदणी रीतसर रद्द झाल्याने त्या क्रमांकाचा गैरवापर होण्याची भीती राहत नाही.

कोणी काय करावे

गाडी दहा वर्षांच्या आतली, पत्रा चांगला, देखभालीची नोंद असलेली आणि इंजिन बांधण्यायोग्य असेल, तर पुनर्बांधणीचा विचार प्रथम करावा. वापर वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर एवढाच असेल तर हा मार्ग अधिकच योग्य. रोज घाट ओलांडावा लागणाऱ्यांनी किंवा आजारी माणसाला वारंवार दवाखान्यात नेणाऱ्यांनी मात्र खात्रीला अधिक किंमत द्यावी; त्यांच्यासाठी तपासून घेतलेली दुसरी गाडी किंवा कंपनीचे इंजिन बरे. गाडी १४-१५ वर्षांची, गंजलेली किंवा पाण्यात बुडालेली असेल तर ती सोडून द्यावी.

दुरुस्ती ठरली तर गॅरेजकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात. कोणते भाग नवे बसणार त्यांची यादी, बोअर व क्रँकची मापे, जुने भाग परत देण्याची कबुली आणि कामाची हमी किती महिने किंवा किती किलोमीटर याचा स्पष्ट उल्लेख. गाडी हाती आल्यावर पहिले हजार किलोमीटर ती ओझ्याने किंवा जोरात चालवू नये, त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावा आणि रोज सकाळी डिपस्टिक व कूलंटची पातळी पाहावी. पहिल्या महिन्यात ऑइल किंवा कूलंट कमी होताना दिसले, तर हमीचा कागद घेऊन लगेच गॅरेज गाठावे.